देवाशी भांडलं तर चालतं का?

कोल्हापुरातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ४१, घर नदीकडच्या एका पेठेत, खालीच नवऱ्याचं छपाईचं छोटं दुकान, लग्नपत्रिका आणि बिलबुकांचं काम. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात छातीएवढं पाणी आलं, कागदाची रिमं इतकी फुगली की दार उघडेना. कर्ज काढून परत उभं केलं तर जुलै २०२१ ला पुन्हा पाणी. मधे कोरोनात ताईंचा भाऊ गेला. आणि गेल्या वर्षी कळलं की नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ताई चर्चमध्येच वाढलेल्या, कितीतरी वर्षं संडेस्कूल शिकवलेल्या. आता प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाही, नुसता राग येतो. प्रार्थना सभेतल्या एका काकूंनी सांगितलं, घरात कुठलं तरी पाप लपलेलं असणार, शोधा. दुसऱ्या एकांनी विचारलं, विश्वास असेल तर मशीन कशाला, २१ दिवस उपास करा की. आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर साक्ष द्यायचा, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचा, आग्रह चाललाय. या सगळ्यात धावून आली ती गल्लीतल्या तालमीतली पोरं, ज्यांचा चर्चशी काही संबंध नाही. १२ वर्षांची मुलगी विचारते, "देव पप्पांना बरं का करत नाही?" पुरात भिजलेलं घरचं बायबल उघडवत नाही, ते कुणाला देऊन टाकू का, असंही ताईंनी विचारलंय. आणि मुख्य प्रश्न हा की माझा विश्वास संपला का, देवावर चिडणं पाप आहे का. मधेच एक वाक्य आहे, "कधी कधी रंकाळ्यावर जाऊन बसावं आणि उठूच नये असं वाटतं."

ताई, सलाम.

त्या रंकाळा तलावाच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण तुम्ही ते दोन ओळींच्या मधे असं सरकवून दिलंय की वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटावं. मला ते सुटलं नाही. थकून तसं वाटत असेल, रोजच्या धावपळीतून जरा सुटका पाहिजे एवढाच त्याचा अर्थ असेल, तरीसुद्धा आजच्या आज हे कुणाला तरी तोंडानं सांगा, बहिणीला सांगा, नाहीतर नवऱ्याला बघतात त्याच डॉक्टरांना सांगा की मला झोप नाही आणि जगणं नको वाटतंय. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागते आणि मराठीत बोलता येतं. आणि हे करताना विश्वास कमी पडला असं अजिबात मनात आणू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून देवाला म्हणाला होता, पुरे झालं आता, माझा जीव घे. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर आग उतरवलेला. देवानं त्याला रागावून प्रवचन दिलं का? नाही दिलं. त्याला झोपू दिलं, दूताकरवी उठवून गरम भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून जेवायला घातलं, म्हणाला वाट लांबची आहे. देवानं आधी त्याची झोप आणि जेवण बघितलं, बाकीचं बोलणं पुढं होरेब डोंगरावर. तुम्ही शेवटचं सलग सहा तास कधी झोपलात, ताई?

आता तुमचा मोठा प्रश्न. विश्वास संपला का.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला त्यात एक गोष्ट दिसली, ती तुम्हाला दिसत नाहीये बहुतेक. चार पानी पत्रात तुम्ही देवाबद्दल तक्रार केलीय आणि ती करता करता तिसऱ्या पानावर एकदम त्यालाच "तू" म्हणायला लागलाय. "तू बघतोस ना, मग गप्प का." हे तुम्ही मला नव्हतं लिहिलेलं. ज्याच्यावरचा विश्वास संपतो त्याच्याशी माणूस भांडत नाही हो, त्याचं नाव सोडून देतो. घरातसुद्धा बघा, जोवर बायको नवऱ्याला तोंडावर विचारते की कुठं होतास इतका वेळ, तोवर संसार चालू असतो.

आपल्याला चर्चमध्ये लहानपणापासून स्तोत्र २३ पाठ करून घेतात, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, आणि ते सुंदरच आहे. पण स्तोत्र १३ कुणी पाठ करून घेत नाही. सहाच ओव्या आहेत त्याच्या आणि सुरुवातच "हे परमेश्वरा, कोठवर?" अशी, पहिल्या दोन ओव्यांत पुन्हा पुन्हा तेच, कोठवर, कोठवर. स्तोत्र ८८ तर आणखी अवघड, ते शेवटी सावरतसुद्धा नाही, अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही, शेकडो वर्षं मंदिरात गायलं गेलं. विलापगीत नावाचं आख्खं पुस्तक आहे. वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडून जे निघालं ते तर तुम्ही संडेस्कूलच्या पोरांना शिकवलंच असेल, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे स्तोत्र २२ चं पहिलंच वाक्य आहे. म्हणजे देवाच्या पुत्रालासुद्धा अत्यंत वेदनेत जी प्रार्थना आठवली ती तक्रारीची होती. मग तुम्ही चिडलात तर पाप कसलं? तुमचा राग त्याच्याकडेच घेऊन जा, दुसरीकडं कुठं न्याल?

आणि शब्द फुटत नाहीत म्हणता. तुम्हाला लोक रोमकरांस पत्रातलं आठव्या अध्यायाचं २८ वं वचन सांगत असतील, सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात म्हणून. मला माहितीये, कारण मलाही सांगितलं होतं आणि त्या वेळी ते कानात दगड घातल्यासारखं वाटलं होतं. वचन खरं आहे, पण त्याच्या दोनच ओव्या आधी काय लिहिलंय ते सहसा कुणी वाचून दाखवत नाही. तिथं म्हटलंय की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणं, ताई. तुमचे मिस्टर डायलिसिसवरून आल्यावर पायात गोळे येऊन कण्हतात असं तुम्ही लिहिलंय, तेच. जिथं तुमचे शब्द संपतात तिथं प्रार्थना बंद पडत नाही, ती दुसरं कुणीतरी पुढं चालवतं. तेव्हा सध्या लांबलचक प्रार्थना करायचं ओझं डोक्यावरून उतरवा. रात्री पाठ टेकताना "प्रभू, आहेस ना" एवढं म्हटलं तरी चालेल, आणि तेही नाही म्हणवलं तर झोपून जा.

पापाचं जे तुम्हाला सांगितलं त्याबद्दल मला जरा स्पष्टच बोलायचंय. हा प्रश्न शिष्यांनी येशूला जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारला होता, याने पाप केलं की याच्या आईबापांनी? त्यानं दोन्ही नाही म्हणून सांगितलं. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली तेव्हाही त्यानं विचारलं की ती माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, आणि परत नाहीच म्हणाला. आपल्याला तर हे कोल्हापुरात राहून वेगळं शिकवायलाच नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ४३ फुटांच्या वर गेलं की नदी कुणाच्या घरात पाप आहे ते बघत शिरत नाही, जमीन सखल कुठं आहे तिकडं शिरते. तुमच्या गल्लीत त्या वर्षी किती घरांत पाणी होतं? सगळीच पापी होती का, आणि टेकडीवरच्या बंगल्यात राहणारे सगळे नीतिमान?

बायबलमधला ईयोब, काही दोष नसताना सगळं गमावलेला, त्याचे मित्र आठवा. ते आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि तुमच्या त्या काकूंसारखंच बोलायला लागले, काहीतरी केलं असशील, आठव. शेवटी ४२ व्या अध्यायात देव रागावतो तो त्यांच्यावर, आणि म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ज्यानं जन्मदिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली, त्याला यथार्थ म्हटलंय. आणि एवढं होऊनही ईयोबाला "का" चं उत्तर काही मिळालं नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं ते आपल्याला, वाचणाऱ्यांना माहीत आहे, त्याला कुणी कधीच सांगितलं नाही. त्याला मिळालं ते एवढंच की देव वावटळीतून त्याच्याशी बोलायला आला. तुम्हालाही कारण मिळेल असं मी म्हणणार नाही. माझा धाकटा भाऊ ३४ व्या वर्षी गेला, मला अजून मिळालेलं नाही.

तो गेला तेव्हा घरात माणसांची रीघ लागली होती. एक गृहस्थ म्हणाले, देवाला चांगली फुलं आवडतात म्हणून तो लवकर खुडतो. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण मी ते वाक्य कित्येक वर्षं विसरले नाही, चांगल्या अर्थानं नाही. आणि आमच्या चर्चमधल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या, माझ्या आईच्या शेजारी चटईवर बसल्या, समोर मेथीची जुडी पडलेली होती सकाळपासून, ती ओढून घेतली आणि निवडायला लागल्या. पानं एकीकडं, काड्या एकीकडं. तासभर बसल्या असतील. जाताना भाजी धुवून ठेवली, आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. आईनं त्या रात्री पहिल्यांदा दोन घास खाल्ले, त्याच भाजीबरोबर. मेलेल्या लाजराच्या कबरेपाशी येशूला तो परत उठणार हे ठाऊक होतं, तरी "येशू रडला" असं लिहिलंय, लाजराच्या रडणाऱ्या बहिणीला, मरीयेला, त्यानं रडू नको म्हणून दटावलं नाही.

म्हणून त्या काकूंना तुम्ही नम्रपणे सांगा, "काकू, प्रार्थनेत आठवण ठेवा, पण पाप शोधायला सांगू नका, मला सहन होत नाही." एवढंच, वाद घालत बसू नका. आणि पास्टरांना भेटून हे कानावर घाला, कारण जे तुम्हाला बोललं गेलं ते उद्या दुसऱ्या कुणाला बोललं जाणार. साक्षीचं म्हणाल तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नाहीतर उभं राहून खरं तेच सांगा, की मला अजून उत्तर मिळालेलं नाही, मी रोज विचारते आहे, माझ्याबरोबर विचारा. मला तर वाटतं त्या सभेत तीन-चार बायका अशा असतील की ज्यांना हे ऐकून हायसं वाटेल. पण जमेल तरच.

आता ते मशीनचं. ताई, यात कसलीही तडजोड नको. विश्वास असेल तर मशीन कशाला, असं म्हणणाऱ्या माणसाला चष्मा आहे का बघा. प्रेषित पौलाच्या बरोबर फिरणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगणारा हाच पौल. स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. मग पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का? आणि इथनं रेल्वेनं तासाभरावर मिरज आहे, तिथं डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, आपल्या या भागातल्या कित्येक घरांतल्या आज्या-पणज्यांनी तिथल्या गोष्टी सांगितल्यात. तो माणूस मिशनरी होता आणि सर्जन होता, त्याला प्रार्थना आणि चाकू यात भांडण दिसलं नाही. डायलिसिसचा एकही दिवस चुकवू नका, गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, आणि २१ दिवसांचा उपास तर नाहीच नाही. उपास करायचाच असेल तर सांगणाऱ्यांनी करावा, तुमच्या मिस्टरांच्या नावानं.

तालमीतली पोरं येताना शहाळी आणतात असं लिहिलंय तुम्ही. त्यांना प्रेमानं सांगा की बाबांनो, शहाळं आणि केळी नको, त्यात पोटॅशियम जास्त असतं, किडनी चालत नसताना ते रक्तात साठतं आणि थेट हृदयावर येतं. बऱ्याच घरांत हे माहीत नसतं, आजाऱ्याला शहाळं म्हणजे चांगलंच अशी आपली समजूत. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा टेबल असतो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा, सोनं गहाण टाकायच्या आधी भेटा. किडनी बदलण्याविषयीही डॉक्टरांशी एकदा निवांत बोलून घ्या. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात नवरा-बायको जवळच्या नातेवाइकांत धरलेत, म्हणजे तुम्ही देऊ शकता का हे तपासता येतं. पण द्यायची की नाही हा निर्णय सावकाश घ्या, प्रेम सिद्ध करायला म्हणून नको आणि विश्वास सिद्ध करायला म्हणून तर मुळीच नको.

त्या पोरांविषयी तुम्ही जरा अपराधी सुरात लिहिलंय, की चर्चचे लोक वचन पाठवतात आणि मदतीला दुसरेच येतात, मग मी कुठल्या देवावर भरवसा ठेवू. तुम्ही संडेस्कूलला चांगल्या शोमरोनीची गोष्ट किती वेळा सांगितलीत? वाटेवर पडलेल्या माणसाला टाळून पुढं गेलेले याजक आणि लेवी आपल्यातलेच होते, आणि थांबला तो परका. गोष्ट तुमच्याच दारात घडली, फक्त गाढवाच्या जागी बुलेट होती. तुम्ही देवाकडे मदत मागितलीत आणि दार वाजलं, दारात कोण उभं होतं यावरून ती मदत त्याची नव्हती असं का धरायचं? एलीयाला तर कावळ्यांनी भाकर आणून दिली होती. पोरांना चहा द्या, मनापासून आभार माना, आणि देवाचेही त्याच दमात माना.

चर्चच्या लोकांना मात्र मी सोडून देणार नाही. पुष्कळांना काय करावं कळत नाही म्हणून ते व्हॉट्सॲपवर वचन टाकून मोकळे होतात. त्यांना काम सांगा. "प्रार्थना करा" एवढ्यावर थांबू नका, "गुरुवारी डायलिसिसला चार तास यांच्याजवळ बसाल का, मला घरी जाऊन झोपायचंय" असं नाव घेऊन सांगा. एकाला डबा सांगा, बिनमिठाचा. एका कॉलेजच्या मुलीला तुमच्या लेकीचं गणित बघायला सांगा. दहातली सहा माणसं टाळतील, चार करतील, चार पुरतात. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मंडळीत असं घर असेल तर त्यांनी विचारायची वाट बघू नये, मेथी निवडायला कुणाची परवानगी लागत नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्हाला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते. आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेली, भाऊ १८८० साली, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ साली नवरा, आणि म्हातारपणी, १९२१ मध्ये, एकुलती एक मनोरमा. पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. तुम्ही रमाबाई व्हावं म्हणून हे सांगत नाहीये, तसं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मला त्यांच्यात आधार वाटतो तो यासाठी की ज्यांनी बायबल मूळ भाषांतून मराठीत आणण्यात वर्षानुवर्षं घालवली त्या बाईंच्या दारातही दुःख परत परत आलं. विश्वास म्हणजे दुःखापासून इन्शुरन्स असं जे आपल्या मनात कुठंतरी बसलंय ना, हप्ते वेळेवर भरले, उपासना चुकवली नाही, दशांश दिला, मग क्लेम का नामंजूर, ते मला वाटतं तुमच्या रागाच्या मुळाशी आहे. माझ्याही होतं. देवानं असा करार आपल्याशी कधी केलेला नव्हता. जगात तुम्हाला क्लेश होतील असं येशूनं शिष्यांना सरळ सांगून ठेवलं होतं, आणि मी युगाच्या शेवटापर्यंत तुमच्याबरोबर आहे असंही सांगितलं. यातलं पहिलं तुम्हाला भरपूर मिळालंय. दुसरं रोज जाणवत नाही, हे मी नाकारत नाही.

लेकीचं काय. बारा वर्षांच्या पोरीला थाप लगेच कळते, म्हणून "देव पप्पांची परीक्षा घेतोय" असं सांगू नका, तिच्या डोक्यात देव म्हणजे हातात छडी घेतलेले हेडमास्तर होऊन बसतील. तिला म्हणा, "मला पण माहीत नाही गं. मी पण त्याला हेच विचारते. चल, दोघी मिळून विचारू." आणि खरंच विचारा, तिच्या शब्दांत, ती चिडली तर चिडू दे. मग तिला पप्पांच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेवर, हलकेच बोट ठेवायला सांगा. कातडीखाली सारखं थरथरतं, मांजर गुरगुरतं तसं. ते थरथरणं चालू आहे ना हे रोज बघायचं असतं, नर्सनं सांगितलंच असेल तुम्हाला, तर ते काम तिला द्या. रोज रात्री बघायचं आणि सांगायचं, चालू आहे. पोरांना करायला काहीतरी लागतं.

आणि ते बायबल देऊ नका कुणाला. तुम्ही लिहिलंय की २०१९ ला पाणी उतरल्यावर मिस्टरांनी दुकानाचं काही वाचतंय का बघायच्या आधी ते उचललं, पंख्याखाली बसून पान न पान सोडवलं, मधे रद्दीचे तुकडे घालून आठवडाभर वाळवलं, आणि अजून त्याच्या कडांना चिखलाची तपकिरी रेघ आहे. तुम्हाला ते उघडवत नसेल तर तुम्ही नका उघडू. गुरुवारी पिशवीत घालून न्या. ते मशीनवर असताना त्यांचा सुईचा हात हलवायचा नसतो, मोठं पुस्तक एका हातानं धरवत नाही, तर तुम्ही नुसतं धरा आणि त्यांना वाचू दे. स्तोत्र १३ काढून द्या. पानं फुगलेली आहेत, जरा हळू उलटा.